मुठीवरची चंची

आमच्या सबस्टेशनात ब्रेकरच्या मुठीला तंबाखूची चंची बांधलेली असायची, हे आजच्या इंजिनिअर पोरांना सांगितलं की ती हसतात. हसोत बापडी. त्या चंचीवर एका माणसाचा जीव टांगलेला असायचा, आणि एका दुपारी मी ती मुठीवरून सोडून टेबलाच्या खणात टाकली. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आता सांगतो, कारण आता मला रागावणारं कुणी उरलेलं नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या बाहेर, वावरांच्या मधोमध आमचं ते लहानसं सबस्टेशन. दोन खोल्या, तारेचं कुंपण, अंगणात एक ट्रान्सफॉर्मर आणि आतल्या खोलीत माणसाएवढं उंच लोखंडी पॅनेल. मी तिथं ऑपरेटर होतो, पाळीपाळीनं काम करणाऱ्यांपैकी एक. मॅट्रिक झालेला, इस्तरीचा सदरा घालणारा, आणि स्वतःला दीडशहाणा समजणारा. तिथून तेहतीस हजार व्होल्टची एक लाइन उत्तरेकडे निघायची, पूर्णा ओलांडायची आणि पलीकडच्या गावांना वीज द्यायची. म्हणजे, जेव्हा चालू असेल तेव्हा द्यायची.

ती बंद पडली की चाचा निघायचे. चाचा आमचे लाइनमन. पन्नाशी उलटलेले, अंगानं वाळकुडे, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. नियम असा होता की लाइनवर हात घालणाऱ्यानं आधी लेखी परमिट घ्यायचं, त्यावर सही करायची, आणि काम संपल्यावर स्वतः येऊन ते परत करायचं. तोवर ऑपरेटरनं ब्रेकरला हात लावायचा नाही. सहीच्या जागी अंगठा उठवणं चाचांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी आपली रीत काढली होती. निघताना ते कमरेची चंची सोडायचे आणि ब्रेकरच्या मुठीला पक्की गाठ मारून बांधायचे.

"हे इथं हाय तवर हात लावू नको, बाबू," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "माही चंची मीच सोडीन. दुसऱ्या कोनी सोडाची नाही."

परमिटचा कागद मी मागाहून, ते परत आले की भरायचो. आधीच्या ऑपरेटरनं मला चाव्यांच्या जुडग्याबरोबर ही रीतही सोपवली होती आणि त्याच्या काळात ती कधी चुकली नव्हती. चाचांना तंबाखूवाचून अर्धा तास चैन पडायचं नाही, तरी काम होईपर्यंत ते तसेच राहायचे. मी एकदा त्यावरून चेष्टा केली तर म्हणाले, "मंग काम लवकर होते ना बे."

ज्या दिवसाची गोष्ट आहे तो हुरड्याच्या दिवसांतला. सकाळी सातच्या सुमारास ब्रेकर धाडकन पडला, म्हणजे लाइन आपोआप तुटली. पॅनेलवर तीन रिले होते, तीन तारांचे तीन. प्रत्येकाला काचेची लहानशी खिडकी आणि आत लाल पत्र्याची झेंडी. ज्या तारेत बिघाड होईल तिची झेंडी पडायची. त्या दिवशी मधल्या तारेची पडली. मी झेंडी वर केली, नियमाप्रमाणे एकदा ब्रेकर परत लावून पाहिला. टिकला नाही, आणि पुन्हा मधलीच झेंडी पडली. मी वहीत तसं लिहिलं: मधली, एकच.

आठ वाजता चाचा आले. मी सांगितलं तसे म्हणाले, "एकटी मधली? मंग कोठी तरी कप फुटला असन." तारेला खांबावर धरून ठेवणारं चिनी मातीचं इन्सुलेटर असतं, त्याला आम्ही कप म्हणायचो. तो तडकला की वीज खांबातून जमिनीत उतरते.

कप फुटला, पण कुठं? नदीपर्यंतच पाच कोसांची लाइन आणि खांबच खांब. नवा लाइनमन मान वर करून एकेक खांब पाहत जातो आणि दुसऱ्या कोसाला त्याची मान धरते. चाचा वर पाहायचेच नाहीत. मला एकदा त्यांनी सोबत नेलं होतं तेव्हा म्हणाले होते, "खांब नको पाहू, पीक पाह्य." लाइन कपाशीतून जात असली तर ते सायकलवरून उतरतही नसत. ज्वारी आली, कणसात दाणा भरलेला दिसला, की पाय टेकायचे. ज्वारीवर पाखरं येतात आणि उठवली की तारेवर जाऊन बसतात. मचाणावरचा राखणदार गोफण फिरवतो, आणि धोंडा पाखराला न लागता कपाला लागतो. एवढं साधं होतं, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्यांच्या जोडीचा लाइनमन रजेवर होता. "वावरातला कोनी तरी दोर धराले भेटते," असं म्हणून त्यांनी नवा कप, दोर, पहार आणि साखळी सायकलला बांधली, चंची मुठीला बांधली, आणि गेले.

साडेबारा वाजून गेल्यावर मी जीपचा आवाज ऐकला. बुलढाण्याचे साहेब. घाट उतरून ते कधी येतील याचा नेम नसायचा. माणूस भला होता, पुण्याकडचा, बोलणं स्वच्छ, आवाज कधी चढत नसे. पण पहिल्या भेटीत मी "मले वाटते" असं म्हणालो, तेव्हा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं होतं. बस, तेवढंच. त्या हसण्यानं मी इतका खट्टू झालो होतो की तेव्हापासून त्यांच्यासमोर एकेक शब्द धुऊन पुसून बोलायचो.

जीप फाटकात वळली आणि मी खोलीवर नजर फिरवली. फरशी झाडलेली होती, वही जागेवर होती, घड्याळाला किल्ली दिलेली होती. आणि त्या चकाकत्या पॅनेलवर, ब्रेकरच्या मुठीला ती चंची. काताचे डाग पडलेली, कडा चुन्यानं पांढऱ्या झालेल्या, तेलकट. साहेब विचारणार हे काय, आणि मला सांगावं लागणार की हेच आमचं परमिट. मग ते ओठाच्या कोपऱ्यात हसणार. मी गाठ सोडली आणि चंची खणात टाकली. साहेब गेले की परत बांधू, पाचदहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हणालो.

साहेब घाईत होते. नदीपलीकडच्या एका गावात संध्याकाळी पहिल्यांदा वीज लागायची होती. मांडव पडला होता, पाहुणे निघाले होते, आणि लाइन बंद.

"लाइनमन कधी गेला?"

"आठ वाजता, साहेब."

"पाच तास होत आले. परमिट घेतलंय त्यानं?"

मी वहीकडे पाहिलं. वहीत परमिट नव्हतं. ते कधीच नसायचं. माझ्या जिभेवर खरं होतं, खण माझ्या गुडघ्याला लागून होता, आणि मी म्हणालो, "नाही."

"म्हणजे नुसता पाहणीला गेलाय. मग तो खांबावर नसणार." साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "बऱ्याचदा पाखरूच असतं हो. जळून खाली पडतं आणि लाइन आपोआप मोकळी होते. एकदा लाइन घेऊन बघा."

त्यांची चूक नव्हती. मी जे सांगितलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. मी पॅनेलपाशी गेलो. मुठीवर चंचीच्या चुन्याचा पांढरा डाग उठला होता. तो मी अंगठ्यानं पुसला आणि मूठ फिरवली.

ब्रेकर लागला आणि त्याच क्षणी पडला. खोली हादरली. साहेब "छे" असं म्हणून खिशातून डायरी काढू लागले. मी झेंड्या पाहिल्या.

तिन्ही पडल्या होत्या.

मला आधी अर्थ कळला नाही. सकाळी एक तार बिघडली होती, मग आता तिन्ही कशा? वादळ नाही, वाराही नाही. तारा एकमेकींना भिडायला काही कारण नाही. आणि मग कळलं. खांबावर चढण्याआधी चाचा बांबूच्या आकड्यांनी तिन्ही तारांवर साखळी अडकवायचे आणि तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या पहारीला बांधायचे. कुणी चुकून वीज सोडलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी, ब्रेकर पडावा आणि वरचा माणूस वाचावा, यासाठी. तिन्ही तारांना एकदम जोडणारी लाइनवर दुसरी कुठलीही वस्तू नव्हती. आत बसलेल्याला बिघाड आणि साखळी सारखीच दिसते, ब्रेकर दोन्हीनं पडतो. फरक सांगतात त्या फक्त झेंड्या.

"अजून आहेच म्हणायचं," साहेब म्हणाले. "आणखी एकदा घ्या. एखादी फांदी असेल तर जळून जाईल."

ती साखळी काही फार जाड नव्हती, बैलाच्या गळ्यात असते तेवढीच. एक झटका तिनं सोसला असेल. दुसऱ्याला ती तुटून पडली असती, आणि मग तारेजवळ जे राहिलं असतं ते चाचा.

"नाही, साहेब."

"काय?"

"वरते मानूस हाय, साहेब! चाचा वरते हायेत. मी नाही मारत!"

माझी धुतलेली भाषा कुठल्या कुठं गेली. मी खण ओढला, चंची काढून त्यांच्यापुढं धरली आणि जे तोंडात येईल ते, जसं येईल तसं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या वहीतलं 'मधली, एकच' वाचलं, मग तीन झेंड्या पाहिल्या.  ते अंगणात गेले, लाइनचा बाहेरचा स्विच स्वतः उघडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. परत येऊन एवढंच म्हणाले, "गाडीत बसा."

जीप ते स्वतः चालवत होते. "पाच कोसांत शोधायचं कुठं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ज्वारी पाहा, साहेब. कपाशीत थांबू नका." त्यांनी का ते विचारलं नाही. गाडीवाटेनं जीप आदळत होती आणि मी लाइनकडे डोळे लावून बसलो होतो. कपाशी, नुसती कपाशी. वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होत्या. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, कशावरून ते माहीत नाही. मी स्वतःला सांगत होतो, तीन झेंड्या म्हणजे साखळी, साखळी म्हणजे चाचा जिवंत. लगेच दुसरं मन म्हणायचं, आणि ती साखळी तारांवर चढवतच असताना तू मूठ फिरवली असशील तर? बांबू ओला असेल तर? मारुतीला नवस बोललो, पीराला बोललो, शाळेत शिकवलेली एकूणएक प्रार्थना म्हणून झाली.

नाल्याच्या पलीकडे ज्वारी दिसली. आणि ज्वारीच्या वर, खांबावर, माणूस दिसला.

तो हलत नव्हता. कमरेच्या दोरानं खांबाला बांधलेला होता आणि मान खांबावर टेकलेली. खाली एक म्हातारा शेतकरी दोन्ही हात वर करून उभा होता. साहेबांनी जीप थांबवायच्या आधीच मी उडी टाकली, पडलो, उठलो, ज्वारीतून धावलो. ताटांनी तोंड ओरबाडलं. खांबाखाली साखळी पडली होती, काळी ठिक्कर, दोन कड्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या. भोवतीची ज्वारी करपली होती. तारेवर साखळीचा हातभर तुकडा तेवढा लोंबत होता. म्हणजे दुसरा झटका झेलायला काहीच उरलेलं नव्हतं.

"चाचा!" मी ओरडलो. "लाइन बंद हाय! कुलूप लावलं! किल्ली साहेबाच्या खिशात हाय!"

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "चंची कोनी सोडली?"

 मी खांबावर चढलो. झटक्यासरशी ते खाली घसरले होते आणि दोराची गाठ आवळून बसली होती. ती त्यांना सुटत नव्हती. अर्धा तास ते तसेच वर होते. म्हातारा चढायला निघाला तर त्यांनी त्याला शिवी हासडून लांब उभं केलं होतं. एकदा आली तर पुन्हा येईल, हे त्यांना ठाऊक होतं. अर्धा तास हा माणूस डोळे मिटून माझ्या दुसऱ्या झटक्याची वाट पाहत होता. मी गाठ सोडली, त्यांना खांद्यावर घेतलं आणि पायरी पायरीनं उतरवलं. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता आणि मी रडत होतो.

म्हाताऱ्यानं पाणी दिलं. मग साहेबांपुढं कान धरून म्हणाला, "मायाच गोट्यानं फुटलं, मालक. कनसाले पाखरू सोडत नव्हतं." त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब चाचांसमोर जमिनीवर बसले, त्या काळ्या ढेकळांच्या वावरात, स्वच्छ पँटीनिशी. "लाइन घ्यायला मी सांगितलं," ते म्हणाले. "चूक माझी आहे." चाचांनी मान हलवली. त्या गावातली वीज दुसऱ्या दिवसावर गेली आणि साहेबांनी त्याबद्दल वर काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

मी तसाच गप्प राहिलो असतो तर सगळं साहेबांच्या नावावर गेलं असतं. खोटं नाही बोलत, अर्ध्या वाटेपर्यंत माझा तोच विचार होता. पण सबस्टेशनात आल्यावर चाचा पायरीवर बसले, मी त्यांची चंची त्यांच्या हातात दिली, आणि मला राहवलं नाही.

"साहेबानं सोडाले नाही लावली, चाचा. जीपचा आवाज आला तवाच मी सोडली होती."

"काऊन?"

"साहेब काय म्हनतीन म्हनून."

त्यांनी चंची उघडली. तंबाखू मळायला गेले तर ती बोटांतून सगळी मांडीवर सांडली. ती गोळा करता करता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माह्या चंचीची लाज वाटली तुले?"

मी मान खाली घातली.

"भेव वाटलं असतं तं समजलो असतो," ते म्हणाले. "भेव तं मलेबी वाटते."  मग अगदी हळू, लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाले, "राग नाही बाबू तुह्यावर. पन तुही पाळी असली का मी खांबावर चढत नाही."

मला वाटलं, हे चार दिवसांचं आहे. महिनाभरात, फार तर ईदेपर्यंत विसरतील. ईदेला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा पहिला वाडगा माझ्याकडेच आला. आम्ही एका ताटात जेवायचो. माझ्या लग्नात ते तीन दिवस राबले आणि माझ्या थोरलीला खांद्यावर बसवून नांदुऱ्याचा बाजार दाखवला. त्यांच्या मनात खरंच राग नव्हता.

त्या दिवसानंतर आणखी चार वर्षं ते नोकरीत होते. माझ्या पाळीत लाइन गेली की ते सायकलवरून निघायचे, बिघाड शोधायचे, त्या खांबाला खूण म्हणून चिंधी बांधायचे आणि परत येऊन पायरीवर बसायचे. मी परमिट लिहून द्यायचो. बाहेरच्या स्विचला कुलूप लावून किल्ली त्यांच्या हातात ठेवायचो. ते "हाव, हाव" म्हणत ऐकून घ्यायचे, किल्ली परत माझ्या टेबलावर ठेवायचे आणि बसून राहायचे. कधी तास, कधी चार तास. पलीकडची गावं तोवर अंधारात. बुलढाण्याच्या साहेबांनी त्याबद्दल एकदाही जाब विचारला नाही.

माझी पाळी संपली की मी वहीत सही करायचो, दुसऱ्या ऑपरेटरला खुर्ची द्यायचो आणि बाहेर येऊन सांगायचो, "चाचा, मी चाललो." मग ते उठायचे.